शेड कार्ड उघडण्याआधी: पुण्यातल्या घरात कोणत्या खोलीला कोणता रंग?

घराचं रंगकाम काढायचं ठरलं की सगळ्यात आधी दुकानातून शेड कार्ड येतं. ते जेवणाच्या टेबलावर पडून राहतं आणि येता-जाता प्रत्येकजण आपापल्या आवडीच्या चौकोनावर बोट ठेवतो. कुणाचं कुणाशी जमत नाही. मग पेंटर म्हणतो, "ऑफ-व्हाइट मारून टाकू, सगळ्यावर जातो," आणि दमलेलं घर हो म्हणतं. इथे चुकतो तो क्रम. भिंतीवर काय शोभेल हे निम्मंशिम्मं त्या खोलीत येणारा उजेड ठरवतो. उरलेल्यातला मोठा वाटा फरशीचा. आपल्या आवडीनिवडीचा नंबर त्यानंतर लागतो, आणि कार्ड तेव्हाच उघडायचं असतं.

आधी खिडकी बघा

पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातले बहुतेक महिने सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो भर दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो, पण तेव्हा निम्मा काळ आभाळ भरलेलं असतं. म्हणून उत्तरेच्या खिडकीतून बहुतांश वर्ष थेट ऊन येतच नाही. येतो तो एकसारखा, शांत आणि जरासा निळसर उजेड. अशा खोलीत राखाडी रंग उदास दिसतो आणि पांढराशुभ्र रंग राखेसारखा. तिथे क्रीम, हस्तिदंती, फिका पिवळा, पीच असे उबेचे रंग घ्यावेत.

पूर्वेच्या खोलीत सकाळी सोनेरी ऊन असतं आणि अकरानंतर उजेड ओसरतो. त्या खोलीत तुम्ही नेमके कधी असता हे विचारून घ्या. सकाळी चहा-पेपर तिथेच होत असेल तर जवळपास कुठलाही रंग खपतो. मुलगा शाळेतून आल्यावर तिथे अभ्यासाला बसत असेल तर खोली उत्तरेची आहे असंच धरा. दक्षिणेच्या खोल्यांची फारशी चिंता नाही, हिवाळ्यात त्या उन्हाने भरतात आणि बहुतेक रंग पेलतात.

पश्चिमेचं मात्र जपून. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर ती भिंत तापते आणि आत येणारा उजेड नारिंगी असतो. त्या उजेडात पीच, गुलाबी, आंबा पिवळा असे रंग भडक होतात. सकाळी दुकानात गोड वाटलेला पीच संध्याकाळी भगव्याच्या जवळ जातो. पश्चिमेला पिस्ता, राखाडीकडे झुकणारा हिरवा, फिका निळा हे रंग जमतात. खोलीचं तापमान त्याने उतरत नाही, त्यासाठी पडदाच लागतो. पण डोळ्याला थंडावा वाटतो आणि तो वाटणंही पुष्कळ असतं.

खिडकी कुठल्या दिशेला आहे इतकंच पाहून थांबू नका, तिच्यासमोर काय आहे तेही बघा. प्रभात रोड किंवा मॉडेल कॉलनीसारख्या झाडांच्या भागात खिडकीबाहेर मोठा पर्जन्यवृक्ष असेल तर खोलीत शिरणारा उजेड पानांतून गाळून, हिरवा होऊन येतो. पेठेत समोरच्या इमारतीची भिंत हाताच्या अंतरावर असते आणि ती विटकरी असेल तर आपल्या पांढऱ्या भिंतीवर गुलाबी झाक उतरते. हे तपासायला कोरा पांढरा कागद पुरतो. दिवे बंद ठेवून तो भिंतीला टेकवून धरा आणि सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीच्या आधी असा तीनदा बघा. कागद हिरवट दिसला तर त्या खोलीत हिरवट झाकेचा ऑफ-व्हाइट घेऊ नका, शेवाळलेला वाटेल. तिथे अगदी किंचित गुलाबी किंवा पिवळ्या झाकेचा पांढरा घ्यावा म्हणजे हिरवेपणा मारला जातो. जुन्या लोकांना ही युक्ती चांगली ठाऊक होती. पिवळट पडणाऱ्या चुन्यात ते चिमूटभर नीळ घालायचे आणि भिंत पांढरीफेक दिसायची.

रात्रीचे दिवे आधी ठरवा

नोकरी करणारं घर आपल्या भिंती आठवड्यातले पाच दिवस दिव्याच्या उजेडातच बघतं. एलईडीच्या खोक्यावर ३०००, ४००० किंवा ६५०० आणि पुढे के (केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) असं छापलेलं असतं. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, आपल्याकडच्या ट्यूबचा नेहमीचा. ३००० म्हणजे पिवळसर. ६५०० च्या दिव्याखाली क्रीम रंग फिका पडतो. ३००० च्या दिव्याखाली राखाडी भिंत मातकट होते आणि फिका निळा हिरव्याकडे सरकतो. बहुतेक खोल्यांना मला ४००० चा दिवा बरा वाटतो. पिवळा दिवा हॉलच्या कोपऱ्यात एखादा पुरतो. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेला असेल तर थोडे पैसे जास्त द्या, रंग खरे दिसतात. दिवे बदलायचेच असतील तर रंगाच्या आधी बदला. नंतर बदललेत तर भिंतींचा रंग बदलल्यासारखा वाटेल आणि बोलणी पेंटर खाईल.

फरशी, ओटा, दारं

जे बदलणार नाही त्याची यादी करा: फरशी, ओटा, टाइल्स, दारांचं लॅमिनेट, वॉर्डरोब. रंग यांच्याशी जुळवायचा असतो. सोफ्याशी जुळवत बसू नका, सोफा पाच-सात वर्षांत जातो.

शहाबादी फरशी निळसर-राखाडी असते. तिच्यावर थंड राखाडी भिंत चढवली की खोली गोदामासारखी दिसते. तिला लोण्याचा पांढरा किंवा फिकट पिवळा शोभतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कोथरूड, सहकारनगरकडच्या सोसायट्यांमध्ये मोझेक अजून शाबूत असतं आणि लोक ते झाकायला निघतात. झाकू नका. एक फरशी ओल्या फडक्याने पुसून गुडघ्यावर बसून नीट बघा. पिवळट सिमेंटमध्ये चॉकलेटी, काळे, हिरवट, शेंदरी झाक असलेले संगमरवराचे तुकडे दिसतील. त्यातला सगळ्यात कमी असलेला तुकडा निवडा, समजा हिरवट, आणि त्याच रंगाची फिकी छटा भिंतीला द्या. खालून वरपर्यंत खोली आपोआप एक होते, आणि पाहुण्याला कारण कळत नाही.

वाकड, बाणेर, हिंजवडीकडच्या नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने दिलेली दोन बाय दोनची आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल असते. ती दिसते पांढरी, पण तिच्यात पिवळी किंवा गुलाबी झाक दडलेली असते. फरशीवर कोरा कागद ठेवा, झाक लगेच उघडी पडते. हा फ्लॅट घेतला की लोकांना फॅशनचा निळसर राखाडी रंग लावायचा असतो आणि मग 'फरशी मळकी का दिसते' असा प्रश्न पडतो. भिंत थंड झाली की फरशीतला पिवळेपणा वर येतो, एवढंच कारण. राखाडीच हवा असेल तर बेजकडे झुकणारा घ्या.

हॉल

सगळ्यांना एक भिंत गडद हवी असते. हरकत नाही, पण भिंत कुठली हे महत्त्वाचं. खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत कधीही गडद करू नका. मागून उजेड येत असल्याने ती आधीच काळपट दिसत असते. गडद केलीत तर खिडकीची चमक डोळ्यांना टोचते. त्या भिंतीला खोलीतला सगळ्यात फिका रंग द्या. गडद रंग खिडकीसमोरच्या भिंतीला द्यावा, कारण तिच्यावर उजेड पडतो आणि रंग खुलतो. टीव्हीमागची भिंत गडद करायची असेल तर फिनिश मॅटच हवं, चकाकी असेल तर रात्री दिव्याचं प्रतिबिंब दिसत राहतं.

आता दिवाणाच्या मागची भिंत. मराठी घरात आजोबा दुपारी जिथे टेकून बसतात तिथे, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर, खोबरेल तेलाचा गोल डाग पडतो. आधी फिका, मग पिवळट, मग त्यावर धूळ बसून काळपट. ही भिंत मॅट इमल्शनची असेल तर डाग पुसताना पुसलेली जागा चकाकू लागते आणि डागाऐवजी चकाकीचं वर्तुळ उरतं. या भिंतीला धुता येणारं सॅटिन म्हणजे सौम्य चकाकीचं इमल्शन घ्यावं. रंग मध्यम छटेचा असावा, हस्तिदंती नको. जुन्या जिन्यांत आणि दवाखान्यांत खालच्या तीन-चार फुटांना ऑइल पेंटचा गडद पट्टा असायचा, तो काही हौस म्हणून नव्हता. तीच युक्ती जरा देखण्या रूपात हॉलला आणि पॅसेजला करता येते: खाली कमरेपर्यंत मध्यम छटा, वर त्याचीच फिकी छटा, मध्ये एक लाकडी पट्टी.

खिडकी नसलेला पॅसेज लोक हमखास पांढरा करतात. पांढऱ्याला उजेड लागतो. उजेड नसला की तो राखाडी होऊन बसतो. पॅसेजला बिनधास्त उबदार मध्यम रंग द्या, मधाचा किंवा फिक्या विटेचा. अंधारी जागा मुद्दाम तशी केल्यासारखी दिसते आणि दोन्ही टोकांच्या खोल्या उजळ वाटतात.

स्वयंपाकघर आणि देवघर

फोडणीचा धूर आधी गॅसच्या वरच्या छतावर बसतो. शुभ्र छत तिथे वर्षभरात पिवळट पडतं आणि बाकीचं तसंच राहतं, म्हणून तो चट्टा डोळ्यांत भरतो. स्वयंपाकघराचं छत किंचित क्रीमकडे झुकणाऱ्या पांढऱ्याचं घ्या. कॅबिनेटच्या वरची भिंत चिकट होणारच, तिथे साधं डिस्टेंपर लावून पैसे वाचवू नका. एक्झॉस्ट फॅनभोवती फूटभर ऑइल पेंट द्या. ओटा काळ्या कडप्प्याचा असेल आणि टाइल्स दोन फुटांपर्यंतच असतील तर भिंत उजळ हवी. ओटा फिक्या ग्रॅनाइटचा असेल तर थोडा गडद हिरवाही चालतो. ड्राय बाल्कनीत (स्वयंपाकघराला लागून असलेल्या धुण्याभांड्यांच्या बाल्कनीत) पाऊस शिरतो, तिथे बाहेरच्या भिंतीचं एक्स्टिरिअर इमल्शनच लागतं. बाल्कनीचा दर्शनी भाग मात्र सोसायटीच्या रंगाचा असतो, तिथे आपली आवड चालवण्याआधी सेक्रेटरींना विचारा.

देवघराला केशरी किंवा पिवळा द्यायची रीत आहे. पण पितळेच्या मूर्ती आणि समई पिवळ्यासमोर विरून जातात. मागे गडद हिरवा किंवा मरून दिला की पितळ उठून दिसतं. काजळी पुसता यावी म्हणून देव्हाऱ्यामागच्या भिंतीला सॅटिन किंवा टाइल. वास्तूप्रमाणे दिशेचे रंग पाळायचे असतील तर रंगाचं कूळ तेच ठेवून छटा आपल्या उजेडाला साजेल अशी निवडा, म्हणजे घरात वाद होत नाही.

झोपायच्या खोल्या

इथे फार डोकं लढवायची गरज नसते, कारण एक भिंत वॉर्डरोब खातो आणि दुसरी पडदा. उरलेल्यांना मळकट छटा घ्या, म्हणजे ज्यात थोडा राखाडी मिसळलेला आहे असे हिरवे, निळे, गुलाबी. आडवं पडल्यावर सगळ्यात जास्त दिसतं ते छत, म्हणून छताचा पांढरा फार कडक नको. मुलांच्या खोलीत कार्टूनचे रंग तीन वर्षांत मुलांनाच नकोसे होतात. भिंती शांत ठेवा, त्यांच्या हाताच्या उंचीपर्यंत धुता येणारा रंग द्या आणि एका पट्ट्यावर खडूने लिहिता येईल असा फळ्याचा रंग लावा.

आजी-आजोबांच्या खोलीचा विचार मात्र सगळ्यात कमी होतो आणि खरं तर तिथेच रंग कामाला येतो. वय वाढतं तसं डोळ्यांतलं भिंग पिवळट होत जातं, त्यामुळे फिके निळे, हिरवे आणि राखाडी एकमेकांसारखे दिसू लागतात. तुम्हाला सुंदर वाटलेला पावडर ब्लू त्यांना नुसता धुरकट दिसतो. त्यांच्या खोलीत उबेचे रंग घ्या आणि जिथे फरक कळायला हवा तिथे तो ठळक करा: भिंतीहून गडद दाराची चौकट, गडद भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड किंवा फिक्या भिंतीवर काळा, फरशीपेक्षा वेगळा दिसणारा स्कर्टिंग. बाथरूममध्ये पांढऱ्या टाइल्स आणि पांढरा कमोड असेल तर निदान कमोडमागे टाइल्सच्या वरची भिंत तरी रंगीत करा. रात्री अडीच वाजता उठलेल्या माणसाला कडा दिसली पाहिजे. बाथरूमच्या छताला बुरशीरोधक रंग घ्या, तिथे छटा कुठली हा प्रश्न दुय्यम आहे.

आता कार्ड

शितावरून भाताची परीक्षा होते, पण दीड इंची चौकोनावरून भिंतीची होत नाही. चारही भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो कार्डापेक्षा गडद आणि तीव्र दिसतो. आवडलेल्या चौकोनापेक्षा त्याच पट्टीवरची एक-दोन पायऱ्या फिकी छटा निवडा. शिवाय पट्टीतला सगळ्यात गडद चौकोन नक्की बघा: फिक्या छटेत दडलेली गुलाबी, हिरवी किंवा जांभळी झाक तिथे उघड दिसते.

दोन किंवा तीनच छटा नक्की करा आणि छोटं सॅम्पल घ्या. ते मिळालं नाही तर १ लिटरचा डबा. भिंतीवर थेट लावू नका. जुना रंग बाजूला असला की डोळा फसतो. जाड पांढऱ्या कार्डशीटवर रंगाचे दोन हात, म्हणजे दोन थर, द्या, कडेला बोटभर पांढरं सोडा, पूर्ण वाळू द्या. इमल्शन वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून ओल्यावरून निर्णय नको. मग तो कागद खिडकीशेजारी, समोरच्या भिंतीवर, फरशीला टेकवून असा फिरवत दोन दिवस बघा, एकदा रात्री दिवे लावूनही. मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. कॅमेरा रंग स्वतःच्या मर्जीने बदलतो आणि मग पुण्यातल्या भिंतीवर नाशिकच्या मावशीचं मत येतं.

भिंत आणि हंगाम

पावसाळी वारं इथे नैऋत्य-पश्चिमेकडून येतं आणि त्या बाजूच्या भिंती ओल धरतात. भिंतीला लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारा पांढरा क्षार) लागलेला असेल, पोपडे धरले असतील, तर आधी गळती शोधा. गडद रंगाने ओल लपत नाही. उलट गडद भिंतीवर या क्षाराचे पांढरे डाग जास्त दिसतात. संशय असेल तर एक फूट बाय एक फूट प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना टेप लावून दिवसभर चिकटवून ठेवा. आतल्या बाजूने थेंब धरले तर भिंत अजून रंगासाठी तयार नाही. नवं प्लॅस्टर किमान २८ दिवस सुकायला हवं, घाई केली तर लाल-पिवळे रंग चुन्याच्या क्षाराने उडतात.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर हवा कोरडी होते, पण तेव्हा दिवाळीमुळे चांगला पेंटर मिळत नाही. सवड असेल तर डिसेंबर-जानेवारी धरा. मे महिन्यात रंग इतका पटकन वाळतो की रोलरचे जोड दिसतात. जुन्या घरातली ऑइल पेंटची दारं घासताना पॉलिश पेपर ओला करून घासा आणि मुलांना दूर ठेवा. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांची खात्री देता येत नाही.

हिशेब

दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची खोली घ्या. चारही भिंतींचा घेर ४४ फूट, म्हणून क्षेत्रफळ ४१८ चौरस फूट. एक दार आणि एक खिडकी वजा केली की साधारण ३७५ उरतं. पुट्टी आणि प्रायमर झालेल्या भिंतीवर दोन हातांना १ लिटर इमल्शन सुमारे १०० ते १४० चौरस फूट जातं. म्हणजे तीन ते चार लिटर, ४ लिटरचा एक डबा. पेंटरने दहा लिटर सांगितले तर त्याला हाच हिशेब सगळ्यांसमोर मांडायला लावा. भडक पिवळा आणि लाल दोन हातांत भिंत नीट झाकत नाहीत, तिसरा हात धरा. आणि गडद छटेला टिंटर (छटेसाठी दुकानात मिसळतात तो रंग) जास्त लागतो म्हणून डबा महाग पडतो, हे बजेट ठरवतानाच लक्षात घ्या.

भाड्याच्या घरात रंग बदलायचा असेल तर मालकांची लेखी परवानगी घ्या, नाहीतर सोडताना डिपॉझिट अडतं.

एका खोलीचे सगळे डबे एकाच वेळी टिंट करून घ्या, आणि दोन डबे लागणार असतील तर पेंटरला ते मोठ्या बादलीत एकत्र करूनच सुरुवात करायला सांगा. मशीन तेच असलं तरी दोन खेपांमध्ये उन्नीस-बीस होतं आणि ते नेमकं हॉलच्या मधोमध दिसतं. काम झाल्यावर उरलेला रंग काठोकाठ भरेल अशा लहान डब्यात काढून ठेवा. शेड कोड, फिनिश, कंपनी आणि तारीख कागदाच्या पट्टीवर लिहून ती त्या खोलीच्या वॉर्डरोबच्या दाराला आतून चिकटवा. कुलर घासून भिंत खरवडली की दुकानात जाऊन "तो जरा क्रीमसारखा होता" असं सांगावं लागत नाही.